मार्कच्या खुर्चीमागचं वाळवंट

बुधवार, अलेक्झांड्रिया

सेंट मार्क कॅथीड्रलच्या दारात आधी बॅग यंत्रातून जाते, मग पासपोर्ट बघतात, आणि मग पहारेकऱ्याची नजर सहज मनगटावर जाते. कॉप्ट, म्हणजे इजिप्तचे मूळचे ख्रिस्ती लोक, लहानपणीच मनगटाच्या आतल्या बाजूला छोटा क्रूस गोंदवून घेतात. आमची मनगटं कोरी. नणंदबाईंनी ओढणीआडून गळ्यातला क्रूस काढून दाखवला, "कॅथलिक, इंडिया" म्हणाल्या, आणि आम्हाला आत सोडलं.

एवढी तपासणी उगाच नाही. ९ एप्रिल २०१७ ला, झावळ्यांच्या रविवारी, याच दाराशी एकाने स्वतःला उडवून दिलं. आतली उपासना चालवणारे कॉप्टांचे पोप तावाद्रोस दुसरे बचावले, दारावरचे पोलीस आणि रस्त्यावरची माणसं गेली. त्याच सकाळी तांता शहरातल्या चर्चमध्येही स्फोट झाला होता. दोन्हींत मिळून चाळीसहून जास्त बळी.

आम्ही दोघी वसईच्या. पोप म्हटलं की डोळ्यांसमोर रोम. त्यामुळे इथे सगळे जण "अल-बाबा, अल-बाबा" करत दुसऱ्याच पोपबद्दल बोलतात याची सवय व्हायला थोडा वेळ गेला. खरं तर हा मान आधी अलेक्झांड्रियाकडेच जातो. तिसऱ्या शतकात इथले बिशप हेराक्लास यांना 'पापा' म्हणत असत, हे त्यांच्यानंतरच्या बिशपांच्या पत्रात नोंदलेलं आहे. रोमच्या बिशपांसाठी ते संबोधन रूढ झालं ते नंतर.

परंपरा अशी की शुभवर्तमान लिहिणारा मार्क इथे आला तेव्हा चालून चालून त्याच्या चपलेचा पट्टा तुटला. दुरुस्तीला बसलेल्या चांभाराच्या हातात आरी घुसली आणि तो कळवळून "एका देवा!" असं ओरडला. मार्कने जखम बरी केली आणि विचारलं, कुठला एक देव? चांभाराचं नाव अनियानस. मार्कनंतर इथल्या धर्मप्रमुखाच्या खुर्चीवर बसला तो हाच. पॅट्रिआर्कांच्या, म्हणजे या धर्मप्रमुखांच्या, यादीत दुसरं नाव चांभाराचं आहे, हे मला फार आवडलं. इ.स. ६८ मध्ये सेरापिस देवाच्या उत्सवात जमावाने मार्कच्या गळ्यात दोर बांधून त्याला रस्त्यांतून फरफटत मारलं, असं कॉप्ट सांगतात.

देहाची कथा वेगळीच. ८२८ साली व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी तो चोरून नेला. मुसलमान जकातदारांनी हात लावू नये म्हणून वर डुकराचं मांस टाकलं होतं म्हणे. व्हेनिसचं सगळं वैभव त्या टोपलीवर उभं राहिलं. शीर मात्र इथेच राहिलं, अशी कॉप्टांची श्रद्धा.

बारावे पॅट्रिआर्क दिमित्रियस द्राक्षमळ्यातले शेतकरी होते, आणि चक्क लग्न झालेले. नवराबायको व्रतस्थ राहत असत असं सांगून परंपरा तेवढी बाजू सावरून घेते. अक्षरओळखही नसलेला हा माणूस गादीवर आल्यावर शिकला, त्रेचाळीस वर्षं टिकला, आणि ईस्टरची तारीख काढायच्या गणिताशी त्याचं नाव जोडलं गेलं.

बाहेर वारा इतका की कोर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, छत्री उघडता येईना. डिसेंबरातली अलेक्झांड्रिया थंड आणि ओली असते. इजिप्त म्हणजे ऊन असं समजून आलेल्यांनी स्वेटर घ्यावा.

गुरुवार, अलेक्झांड्रिया

हॉटेलच्या काउंटरमागे एक कॉप्टिक कॅलेंडर टांगलेलं होतं. महिना कियाक, साल १७४१. ही कालगणना येशूच्या जन्मापासून मोजत नाहीत. ती सुरू होते २८४ सालापासून, म्हणजे सम्राट डायोक्लेशियन गादीवर आला तेव्हापासून. ज्याने आपल्या माणसांची सर्वांत जास्त कत्तल केली, त्याच्या राज्यारोहणापासून वर्षं मोजायची आणि त्या सनाला 'हुतात्म्यांचा शक' म्हणायचं! सूड म्हणावा तर हा असा.

त्याच डायोक्लेशियनचा खांब बघायला सकाळी गेलो. सगळे त्याला पाँपीचा खांब म्हणतात, पण पाँपीचा त्याच्याशी काही संबंध नाही. अस्वानच्या तांबड्या ग्रॅनाइटचा, जवळपास २७ मीटर उंच. २९७-९८ मध्ये शहरातलं बंड मोडून काढणाऱ्या सम्राटाच्या सन्मानार्थ तो उभारला गेला. पुढे पाचच वर्षांत, ३०३ पासून, ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला. त्या छळाच्या शेवटच्या टप्प्यात, ३११ मध्ये, पॅट्रिआर्क पीटर यांचा शिरच्छेद झाला. 'हुतात्म्यांची मोहोर' ही त्यांची पदवी. ते मार्कच्या खुर्चीवर कधी बसलेच नाहीत, पायऱ्याशी बसत, अशी आठवण कॉप्ट अजून सांगतात.

खांबाभोवतीचे अवशेष सेरापिसच्या देवळाचे आहेत. ते ३९१ च्या सुमारास पाडलं ते ख्रिस्ती जमावाने, पॅट्रिआर्क थिओफिलस यांच्या काळात. म्हणजे मार खाणाऱ्यांना मार द्यायला ऐंशी वर्षंसुद्धा लागली नाहीत. पुढे ४१५ मध्ये गणितज्ञ हायपेशियाला याच शहरात चर्चमध्ये ओढून नेऊन ठार केलं. तेव्हा गादीवर थिओफिलसचा पुतण्या सिरिल होता. आम्ही त्याला संत म्हणतो, कॉप्टही म्हणतात. त्याने हुकूम दिला होता असं म्हणायला पुरावा नाही. पण मारणारे त्याच्याच बाजूचे होते, आणि जवळपास त्याच काळातल्या सॉक्रेटिस नावाच्या ख्रिस्ती इतिहासकाराने या घटनेने सिरिलच्या आणि अलेक्झांड्रियाच्या चर्चच्या नावाला मोठा बट्टा लागला, असं स्वच्छ लिहून ठेवलंय. आपल्या संतांबद्दल इतकं सरळ लिहिणारा माणूस पाचव्या शतकात होता, हे वाचून बरं वाटतं.

या शहराने भांडणंही जगाला पुरतील एवढी दिली. एरियस इथलाच धर्मगुरू. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, म्हणजे त्याच्याहून कमी, असं त्याचं म्हणणं, आणि ते त्याने गाण्यांत घालून खलाशांच्या, दळण दळणाऱ्यांच्या तोंडी रुळवलं. ३२५ च्या नायसिया परिषदेत त्याला धर्मबाह्य ठरवलं. पॅट्रिआर्क अलेक्झांडरबरोबर तिथे एक तरुण डीकन (धर्मगुरूचा साहाय्यक) गेला होता, अथनेशियस. तीनच वर्षांत तो स्वतः विसावा पॅट्रिआर्क झाला. ३२८ ते ३७३ अशी पंचेचाळीस वर्षं. त्यांतली साधारण सतरा हद्दपारीत गेली, कारण एकामागून एक सम्राट एरियसकडे झुकलेले. पाच वेळा घालवला, पाच वेळा परतला. नव्या करारात कुठली सत्तावीस पुस्तकं, ही आज आपण वाचतो ती यादी त्याच्या ३६७ च्या ईस्टर पत्रात पहिल्यांदा तशीच्या तशी सापडते.

तिसऱ्या हद्दपारीत, ३५६ ते ३६२, तो जहाजाने कुठे गेला नाही. वाळवंटात शिरला. साधूंनी त्याला लपवला, मठामठांतून फिरवला, आणि राजधानीचे शिपाई वाळूत शोधत राहिले. माझ्या मते या चर्चचा पुढचा सगळा इतिहास त्या सहा वर्षांत ठरला. खुर्ची शहरात असली तरी तिचा आधार वाळवंटात आहे, हे तेव्हा दोन्ही बाजूंना कळलं.

दुपारी नणंदबाईंनी (मी त्यांना ताई म्हणते) आठवण करून दिली की आपलंही नातं आहे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस इथल्या धर्मशिक्षणाच्या शाळेचा प्रमुख पँटेनस भारतात गेला होता आणि तिथे त्याला बार्थोलोम्यूने ठेवलेलं हिब्रू लिपीतलं मत्तयचं शुभवर्तमान मिळालं, असं जुना चर्च-इतिहासकार युसेबियस याने लिहिलंय. आमच्याकडचे काही लोक हा भारत म्हणजे कल्याणचा किनारा असं छातीठोक सांगतात. मी सांगणार नाही. त्या काळी अरबस्तानालाही भारत म्हणत. सहाव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मास मात्र 'कल्लियाना' इथे इराणहून नेमलेला बिशप आहे असं नोंदवतो, आणि ते आपलं कल्याण असावं असं पुष्कळ अभ्यासक मानतात. गंमत अशी की इराणचं ते चर्च सिरिलच्या कट्टर विरोधकाचं, नेस्टोरियसचं नाव आदराने घेणारं. भांडण नाईलकाठी पेटलं आणि त्याची एक ठिणगी उल्हास नदीपर्यंत आली.

शुक्रवार, अलेक्झांड्रिया

इजिप्तमध्ये सुट्टी शुक्रवारी, म्हणून मोठी मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासनाही, शुक्रवारी. आठला पोचलो तेव्हा धूप भरून राहिला होता. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. झांजा आणि त्रिकोणी घंटा यांच्याशिवाय वाद्य नाही. वेदीपुढे उंच लाकडी पडदा, त्यावर चित्रं, आणि मधल्या दारातून आत काय चाललंय त्याची फक्त चाहूल. अरबीत चाललेली प्रार्थना मध्येच कॉप्टिकमध्ये शिरते. फारोंच्या प्रजेची हीच भाषा, ग्रीक अक्षरांत लिहिलेली, अधिक जुन्या लिपीतली मोजकी अक्षरं. घराघरांतून ती केव्हाच गेली. बाराव्या शतकात पॅट्रिआर्क गॅब्रिएल दुसरे यांनी लोकांना समजावं म्हणून अरबीत वाचायला परवानगी दिली, तेव्हाच ती जात आलेली होती. वेदीपाशी ती टिकली, आणि ती येत होती म्हणूनच फ्रेंच विद्वान शाँपोलियोंला इजिप्तची चित्रलिपी उलगडता आली.

मिस्सा तीन तास चालली. शेवटी बायका डोक्यावर पांढरं वस्त्र घेऊन, चपला काढून ख्रिस्तशरीर, म्हणजे कम्युनियनची भाकर, घ्यायला रांगेत लागल्या. आम्हीही उठणार, तेवढ्यात शेजारच्या आजींनी माझा हात धरून हळूच खाली बसवलं. कॅथलिकांना इथे कम्युनियन मिळत नाही. माहीत होतं, तरी बसल्यावर कसंसंच झालं.

याचं कारण ४५१ साल. काल्सेडनच्या परिषदेत ठरलं की ख्रिस्त एक व्यक्ती, पण दोन स्वभावांत, दैवी आणि मानवी. अलेक्झांड्रियाचे पंचविसावे पॅट्रिआर्क डायोस्कोरस यांना ते मान्य नव्हतं. सिरिलने शिकवलेलं त्यांना पाठ होतं: देही झालेल्या शब्दाचा, म्हणजे ख्रिस्ताचा, स्वभाव एकच, त्यात देवत्व आणि मनुष्यत्व मिसळून न जाता एकत्र आलेलं. परिषदेने डायोस्कोरसना पदावरून काढलं, सम्राटाने गांग्रा इथे धाडलं, तिथेच ४५४ मध्ये ते वारले. कॉन्स्टँटिनोपलने अलेक्झांड्रियात आपला माणूस बसवला, लोकांनी त्याला मानलं नाही. तेव्हापासून या एका शहराच्या नावाने दोन गाद्या चालतात, ग्रीकांची आणि कॉप्टांची.

शब्दांचा घोळ होता की खरा मतभेद? दोन्ही बाजूंच्या विद्वानांनी आता पुष्कळसं मान्य केलंय. मे १९७३ मध्ये पोप पॉल सहावे आणि पोप शनूदा तिसरे यांनी रोममध्ये एकत्र निवेदनावर सही केली, त्यात ख्रिस्ताबद्दलची श्रद्धा दोघांनी एकाच भाषेत मांडली आहे. त्याच भेटीत अथनेशियसच्या अस्थी शनूदांच्या हाती दिल्या. पण वेदी एक झाली नाही, आणि मार्च २०२४ मध्ये कॉप्टिक धर्मसभेने रोमशी चाललेला ईश्वरशास्त्रीय संवाद स्थगित केला. पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या ठरावाने मला त्या दिवशी बाकावर बसवलं.

मिस्सा संपल्यावर दाराशी अबूना, म्हणजे आमच्याकडचे फादर, उरलेल्या कुर्बानचे तुकडे वाटत होते. वेदीवर न गेलेली ही भाकर सगळ्यांना मिळते. वर क्रूसाचे शिक्के, चवीला किंचित आंबूस. त्या आजींनी स्वतःच्या तुकड्यातला अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला.

शनिवार, वादी नत्रून

अलेक्झांड्रिया ते कैरो वाळवंटी महामार्गावर साधारण निम्म्या वाटेवर ही दरी लागते, समुद्रसपाटीहूनही खोल. खारट तळी आहेत, त्यांतला नेट्रॉन नावाचा क्षार पूर्वी ममी वाळवायला नेत. चौथ्या शतकात मॅकेरियस नावाचा साधू इथे येऊन राहिला आणि मागोमाग हजारो आले. शेकडो झोपड्या, गुहा, मठ होते. आज चार मठ उरलेत. सध्या नाताळपूर्व उपास चालू, म्हणून आत सोडतील की नाही शंका होती. आम्ही गेलो ते दोन्ही उघडे निघाले. बायकांना दिवसा जाता येतं, रात्रीचा मुक्काम फक्त पुरुषांना.

अंबा बिशोयच्या मठाची तटबंदी मातकट आणि उंच. आत वर जाणारा चौकोनी बुरूज, त्याला उचलता येणारा लाकडी पूल. वाळवंटातले लुटारू आले की साधू बुरुजात शिरून पूल वर घेत आणि महिनोन्‌महिने आत राहत. अंगणात विहीर आहे. ४४४ मध्ये याच दरीतल्या एकोणपन्नास वृद्ध साधूंना मारून बर्बर टोळीवाल्यांनी तलवारी इथे धुतल्या, अशी तिची ओळख करून देतात, आणि मग त्याच पाण्याचा पेला पुढे करतात. आम्ही प्यायलो.

मठ दाखवणारे साधू पूर्वाश्रमीचे औषधनिर्माते. नव्या साधूंमध्ये डॉक्टर, इंजिनिअर पुष्कळ. डोक्यावरच्या काळ्या कुंचीवर क्रूस भरतकामात, मध्ये उभी शिवण. सैतानाने वाळवंटातल्या आद्य साधूची, संत अंतोनीची, कुंची ओढताना ती फाटली आणि त्याने ती शिवली, ही त्या शिवणीची गोष्ट. त्यांनी ती सांगितली तेव्हा चेहऱ्यावर हसू होतं, पण शिवणीवरून बोट फिरवलं ते मात्र जपून.

पोप शनूदा तिसरे यांची कबर इथेच. १९७१ ते २०१२, चाळीस वर्षं गादीवर. १९८१ च्या सप्टेंबरात अध्यक्ष सादात यांनी त्यांची मान्यता काढून घेतली आणि त्यांना याच मठात नजरकैदेत ठेवलं. महिनाभरात सादात यांची हत्या झाली, तरी शनूदांना कैरोला परतायला जानेवारी १९८५ उजाडलं. शिक्षा म्हणून वाळवंटात पाठवलं, पण हा माणूस तरुणपणी शेजारच्याच मठात साधू झालेला, गुहेत एकटा राहिलेला. त्याला वाळवंटात पाठवणं म्हणजे माहेरी पाठवणं. साधूंनी सांगितलं, इथूनही ते लिहीतच होते.

अथनेशियस एकटाच नव्हता, हे इथे कळत जातं. सातव्या शतकात अडतिसावे पॅट्रिआर्क बेंजामिन तेरा वर्षं मठामठांतून लपत फिरले, कारण बायझंटाइन सम्राटाने काल्सेडनचं मत लादायला सायरस नावाचा अधिकारी पाठवला होता. छळणारे ख्रिस्ती, छळले जाणारे ख्रिस्ती. मग अरब आले, अलेक्झांड्रिया पडली, आणि सेनापती अम्र इब्न अल-आस याने बेंजामिनना अभय देऊन परत बोलावलं. कॉप्ट हे आजही सांगतात. पुढे कर वाढले, बंडं झाली, धर्मांतरं झाली, हेही सांगतात. दोन्ही सांगतात म्हणून विश्वास बसतो.

शेजारी, चालत जाण्याच्या अंतरावर, अल-सुरियान. आठव्या शतकात सीरियन व्यापाऱ्यांनी हा मठ आपल्या साधूंसाठी घेतला, म्हणून हे नाव. दहाव्या शतकात इथला प्रमुख, निसिबिसचा मोझेस, कराच्या कामासाठी बगदादला गेला आणि परतताना अडीचशे हस्तलिखितं घेऊन आला. त्यांतली पुष्कळशी पुढे व्हॅटिकन आणि लंडनला गेली. चर्चमध्ये आबनूसाचं दार आहे, हस्तिदंती नक्षीचे सात थर, सात युगांचे म्हणतात. भिंतीवरच्या गिलाव्याखाली जुनं चित्र, त्याखाली आणखी जुनं. चित्रं जतन करणाऱ्यांनी कोपऱ्याकोपऱ्यांत थर उघडे ठेवलेत. ताई त्या भिंतीसमोरून हलेनात.

जेवणात 'फूल' (वालासारखे उकडलेले दाणे), भाकर, ऑलिव्ह, ताहिना (तिळाची चटणी). कॉप्टांचे उपास वर्षात दोनशे दिवसांहून जास्त, आणि उपास म्हणजे मांस, दूध, अंडं काही नाही. हॉटेलात 'सियामी' म्हटलं की बिनदुधाचं पान समोर येतं. माझ्यासारख्या मासे सोडवत नसलेल्या बाईलाही चालून गेलं, कारण या उपासात बुधवार-शुक्रवार सोडून मासे चालतात.

रात्री कैरोत, शुब्रा वस्तीत. कियाक महिन्यात दर शनिवारी रात्रभर येशूच्या आईची, मारियेची, स्तोत्रं गातात, त्याला 'सात आणि चार' म्हणतात. सात गीतं मारियेची, चार स्तुतिगानं. आम्ही अकराला गेलो तेव्हा दोन बाजूंचे दोन गट आलटून पालटून कडवी उचलत होते, लहान पोरं मांडीवर झोपलेली, म्हातारे डुलत झांजांवर ताल धरून. आषाढी एकादशीच्या जागरात बसल्यासारखं वाटलं, फक्त विठ्ठलाच्या जागी मरियम. अडीचपर्यंत टिकलो. ते पहाटेच्या मिस्सेपर्यंत टिकतात.

रविवार, जुनं कैरो

मेट्रोच्या मार गिरगिस स्टेशनातून बाहेर आलं की समोरच रोमनांच्या बॅबिलोन किल्ल्याचे गोल बुरूज. त्याच किल्ल्याच्या दरवाजावर अधांतरी बांधलेलं म्हणून अल-मुअल्लका, लटकतं चर्च. एकोणतीस पायऱ्या. आतल्या संगमरवरी व्यासपीठाचा भार तेरा बारीक खांबांवर आहे: येशू आणि बारा शिष्य. त्यांतला काळा तो येशूला धरून देणारा यहूदा असं गाइड सांगत होता.

अकराव्या शतकात पॅट्रिआर्क ख्रिस्तोदुलोस यांनी गादी अलेक्झांड्रियाहून इथे आणली. राज्यकर्ते कैरोत, कर कैरोत, फिर्यादी कैरोत. समुद्रकाठी बसून भागेना. उपाधीत मात्र अलेक्झांड्रियाच राहिली, ती आजतागायत.

त्याच्या थोडं आधी खलीफा अल-हाकिमने ख्रिस्ती लोकांना गळ्यात मोठाले जड क्रूस घालायला लावले होते. ओझ्याने मानेची हाडं निळी पडत, आणि 'निळं हाड' ही शिवी तिथूनच आली असं कॉप्ट मानतात. गाइडने ती थंडपणे सांगितली. शाळेत त्यालाही कुणीतरी दिली होती.

गल्लीतलं बेन एझ्रा सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) पूर्वी कॉप्टांचं चर्च होतं आणि नवव्या शतकात इब्न तुलूनची जबर खंडणी भरायला पॅट्रिआर्कने ते विकलं, असं सांगतात. तिथल्या कोठीत निघालेल्या हजारो कागदांत मंगळूरला राहिलेल्या अब्राहम बेन यिजू या व्यापाऱ्याची पत्रंही आहेत. अबू सर्गा चर्चच्या तळघरात पवित्र कुटुंब, म्हणजे बाळ येशू, मारिया आणि योसेफ, राहिलं होतं म्हणतात. रांग मोठी, जागा चिंचोळी, दोन मिनिटांत बाहेर आलो. कॉप्टिक म्युझियमला (मार्कुस सिमैका यांनी १९०८ मध्ये स्थापलेलं) मात्र अर्धा दिवस द्यावा. १९४५ मध्ये नाग हम्मादीजवळ मडक्यात सापडलेल्या पोथ्या इथे आहेत, चर्चने नाकारलेल्या शुभवर्तमानांसकट. नाकारलेलं जपून ठेवायलाही वाळवंटच लागलं.

सोमवार, मुकत्तम आणि अब्बासिया

मुकत्तमच्या पायथ्याला झब्बालीन राहतात, कैरोचा कचरा गोळा करणारे, बहुतेक कॉप्ट. गाडी प्लास्टिकच्या गोण्यांमधून वाट काढत वर गेली आणि एकदम डोंगरात कोरलेलं प्रचंड सभागृह समोर आलं. हजारो माणसं बसतील असं.

गोष्ट दहाव्या शतकातली. खलीफा अल-मुइज्झने पॅट्रिआर्क अब्राहम यांना आव्हान दिलं: मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असेल तर डोंगर हलतो म्हणता, हा हलवा. तीन दिवस उपास झाला. मारियेने दर्शन देऊन सांगितलं, पाण्याचं मडकं घेऊन जाणारा एक डोळ्याचा माणूस शोध. तो निघाला सिमोन, चामडं कमावणारा. त्याच्या प्रार्थनेने डोंगर तीनदा उचलला गेला आणि खालून सूर्य दिसला. नाताळपूर्व उपास चाळीसऐवजी त्रेचाळीस दिवसांचा झाला तो या तीन दिवसांमुळे. डोंगर हलला का, हे मी बोलत नाही. पण दुसरंच नाव चांभाराचं असलेल्या यादीला अडचणीत पुन्हा कातड्याचं काम करणाराच मदतीला आला, आणि कचरा उचलणाऱ्यांनी आपलं चर्च त्याच्या नावाने खोदलं, एवढं दिसतं. शिवाय अब्राहम स्वतः साधू नव्हते, सीरियन व्यापारी होते. म्हणजे माझ्या वाळवंटाच्या सिद्धान्तालाही अपवाद आहे.

वरून वस्तीकडे पाहिलं की पन्नासेक इमारतींच्या भिंतींवर मिळून एक प्रचंड अरबी वर्तुळ दिसतं. एल सीद या कलाकाराने २०१६ मध्ये रंगवलेलं. शब्द अथनेशियसचे मानतात: सूर्यप्रकाश नीट बघायचा असेल त्याने आधी आपले डोळे पुसावेत. काही ठिकाणी रंग उडालाय.

दुपारी अब्बासियाचं कॅथीड्रल. जून १९६८ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर आणि इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांच्या उपस्थितीत उद्‌घाटन झालं, आणि व्हेनिसहून मार्कच्या अस्थींचा काही भाग रोममार्फत परत आला, जवळजवळ साडेअकराशे वर्षांनी. लगतच्या छोट्या चर्चमध्ये डिसेंबर २०१६ ला रविवारच्या मिस्सेत स्फोट झाला, पंचवीसहून अधिक गेले, बहुतेक बायका. खांबांवरच्या खुणा तशाच ठेवल्यात. बायकांच्या बाजूच्या बाकांजवळ आम्ही फार वेळ थांबलो नाही.

४ नोव्हेंबर २०१२ ला याच कॅथीड्रलमध्ये पोप निवडले गेले. मतदान होऊन तीन नावं उरतात, तीन चिठ्ठ्या काचेच्या पात्रात मोहोरबंद करून वेदीवर ठेवतात, आणि मिस्सेच्या अखेरीस डोळे बांधलेला लहान मुलगा एक चिठ्ठी काढतो. तावाद्रोस निघाले, एकशे अठरावे. रोमचा पोप निवडणाऱ्या आमच्या कॉन्क्लेव्हपेक्षा ही पद्धत मला प्रामाणिक वाटली, ताईंना नाही. त्यांचं म्हणणं, खरा खेळ तीन नावं ठरवण्यात असतो.

मंगळवार, लाल समुद्राकडे

पहाटे निघून ऐन सुखना, झाफराना, तिथून आत वाळवंटात अंतोनीचा मठ. आमच्याकडे संत अंतोनी म्हणजे पादुआचे, हरवलेलं शोधून देणारे. हे त्यांच्या नऊशे वर्षं आधीचे. बापाची जमीन वाटून टाकून वाळवंटात आले आणि १०५ वर्षं जगले असं अथनेशियसनेच त्यांच्या चरित्रात लिहिलंय. ज्या चरित्राने युरोपात साधू तयार झाले, ते लिहिणारा स्वतः वाळवंटात लपलेला होता.

जुन्या चर्चमधली १२३२-३३ ची चित्रं धुराच्या काजळीखाली गेली होती, गेल्या शतकाच्या अखेरीस साफ केली. चित्रकाराने नाव लिहून ठेवलंय, थिओडोर. घोड्यावरचे हुतात्मे, उभे साधू, आणि खुर्च्यांवर पॅट्रिआर्क.

गुहा वर, हजाराहून जास्त पायऱ्या. ताई अर्ध्यावर बसल्या, मी गेले. आत कुशीवर होऊनच शिरता येतं.

खाली चहा देणारे साधू तिशीच्या आतले. या मठातून पुष्कळ पॅट्रिआर्क गेले. सिरिल चौथे इथलेच प्रमुख, १८५४ मध्ये गादीवर आले, मुलींची शाळा काढली, छापखाना मागवला, आणि यंत्र आलं तेव्हा स्वतः मठात असल्याने पत्र पाठवून डीकनांना झगे घालून, स्तोत्रं गात त्याची मिरवणूक काढायला लावली. इथिओपियाच्या चर्चचे प्रमुखही शतकानुशतकं इजिप्तच्या मठांतून नेमून जात, १९५९ मध्ये त्यांना स्वतःचा पॅट्रिआर्क मिळेपर्यंत.

पूर्वी गादीसाठी नाव आलं की साधू पळून जात, मग त्यांना बेड्या घालून नेत असत. मी विचारलं, अबूना, तुमची चिठ्ठी निघाली तर?

ते हसले. नियमात वय किमान चाळीस आणि मठात पंधरा वर्षं लागतात, म्हणाले. त्यांना झाली होती चार. "अजून बराच काळ मला कोणी शोधायला येणार नाही," असं म्हणून त्यांनी ताईंच्या पेल्यात आणखी साखर घातली, न विचारता, तिसऱ्यांदा.